वॉशिंग्टन यांचा शेवटचा दात

अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवरचा जॉर्ज वॉशिंग्टन यांचा चेहरा आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. ओठ घट्ट मिटलेले, तोंडाभोवतीचा भाग फुगलेला, चेहऱ्यावर हसू नाही. हे चित्र गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ मध्ये काढलेल्या मूळ चित्रावरून घेतले आहे. त्या चेहऱ्यातला ताण स्वभावाचा असेल, पदाच्या जबाबदारीचाही असेल. पण त्यात मोठा वाटा तोंडातल्या कवळीचा होता. वॉशिंग्टन यांच्या आयुष्यात लढाया, राज्यघटना आणि राष्ट्राध्यक्षपद आले, तसे चाळीस वर्षांचे दातांचे दुखणेही आले. त्या दुखण्याचा इतिहास चांगला नोंदलेला आहे. काही दात गेले आणि काही शिल्लक आहेत अशा प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा, असे मला वाटते.

वॉशिंग्टन आपल्या नाना फडणवीसांचे समकालीन. नानांचा जन्म १७४२ चा, मृत्यू मार्च १८०० चा. वॉशिंग्टन १७३२ ते १७९९. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी वडगाव मावळला, म्हणजे आजच्या चाकण-तळेगाव औद्योगिक पट्ट्याच्या अगदी शेजारी, इंग्रज फौजेला शरण आणले. तेव्हा पलीकडच्या खंडात वॉशिंग्टन त्याच इंग्रजांशी लढत होते आणि तोंडातले उरलेसुरले दात सांभाळत होते.

पहिला दात, पाच शिलिंग

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात एका जमीनदार घरात झाला. वडील गेले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. विलायतेत शिकायला जाण्याचे राहून गेले. सतराव्या वर्षी ते जमिनीची मोजणी करणारे सर्व्हेअर म्हणून कामाला लागले. साखळी, होकायंत्र आणि वही घेऊन जंगले, टेकड्या, ओढे मोजत हिंडायचे. चढ कुठे, उतार कुठे, हद्द कुठून जाते हे कागदावर नेमके उतरवणे ही त्यांची पहिली विद्या. हा सर्व्हेअर शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

१७५१ मध्ये भावाबरोबर बार्बाडोस बेटावर गेले असताना त्यांना देवी आल्या. त्यातून ते वाचले. पुढे मलेरिया, आमांश आणि फुप्फुसाच्या आवरणाची सूज अशी दुखणी मागे लागली. त्या काळात कित्येक आजारांवर पाऱ्याची औषधे सर्रास देत. पाऱ्याने हिरड्या सुजतात, लाळ सुटते, दात हलू लागतात. वॉशिंग्टन यांचे दात गेले त्यामागे ही औषधेही असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

१७५६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांचा पहिला दात काढला गेला. वॉटसन नावाच्या डॉक्टरला त्यासाठी पाच शिलिंग दिल्याची नोंद त्यांच्या हिशेबात आहे. पुढे जवळजवळ दरवर्षी दातदुखी, सुजलेल्या हिरड्या, गळू, आणखी एक दात, असे चालू राहिले. हिरडीत पू झाला की ताप यायचा, गाल सुजायचा. आज अशा वेळी आपण प्रतिजैविक देतो आणि पू काढून टाकतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलीन या देशात बनू लागले. ही सोय वॉशिंग्टन यांच्या काळी जगात कुठेच नव्हती. दात उपटणे एवढाच इलाज हाती होता.

हा माणूस दातांबाबत बेफिकीर मात्र नव्हता. त्यांच्या खरेदीच्या नोंदींत दात घासायचे ब्रश आहेत, दंतमंजन आहे. तरी दात गेले. दाताची कीड ब्रशने बरीच आटोक्यात राहते, पण हिरडीच्या आत दगडासारखे घट्ट बसलेले किटण ब्रशने निघत नाही. ते तसेच राहिले की दाताभोवतीचे हाड झिजते आणि वरून धडधाकट दिसणारा दात एक दिवस हलू लागतो. आमच्याकडे येणाऱ्या चाळिशीतल्या कामगारांपैकी कित्येकांचे दात असेच जातात. त्यात तंबाखू, गुटखा, बायकांमध्ये मिश्री आणि दुर्लक्षित मधुमेह यांची भर पडते.

तारेने बांधलेले दात

दात गेले की फट पडते. फट पडली की शेजारचे दात त्या बाजूला कलतात, समोरच्या जबड्यातला दात आधार सुटल्याने त्या फटीत उतरतो आणि चावण्याची घडी विस्कटते. वॉशिंग्टन यांनीही फटी भरण्याचा प्रयत्न केला. जॉन बेकर हे त्यांचे एक दंतवैद्य. त्या काळची रीत अशी की हस्तिदंताचा दात कोरायचा आणि तारेने शेजारच्या खऱ्या दाताला बांधून टाकायचा. वॉशिंग्टन यांच्या तोंडातले काही दात असेच बांधलेले होते.

या तारेची एक गोष्ट इतिहासात गेली. मे १७८१ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कजवळच्या छावणीतून बेकर यांना पत्र लिहिले. दातांच्या तारा आवळण्यासाठी छोटी पक्कड आणि दात खरवडण्याची हत्यारे त्यांनी मागवली. फिलाडेल्फियाला इतक्यात येणे होणार नाही, असेही कळवले. ते पत्र वाटेत इंग्रजांच्या हाती पडले. वॉशिंग्टन दक्षिणेकडे सरकणार नाहीत, असा समज इंग्रज सेनापतीचा झाला आणि त्याला या पत्रानेही हातभार लावला, असे काही इतिहासकार मानतात. प्रत्यक्षात वॉशिंग्टन यांनी सैन्य झपाट्याने दक्षिणेला नेले आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज शरण आली. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९० ते १७९२ च्या युद्धात मराठ्यांच्या बरोबरीने लढला.

तारेकडे पुन्हा वळू. तार रोज थोडी सैल होते म्हणून ती पकडीने आवळायची. आवळली की धडधाकट दातावर सतत ओढ पडते. दात हाडात सिमेंटसारखा पक्का बसलेला नसतो. तो बारीक तंतूंच्या झुल्यात टांगलेला असतो. चावताना क्षणभर येणारा जोर हा झुला सहज झेलतो. पण दिवसरात्र एकाच दिशेने येणारी ओढ त्याला सोसत नाही. हाड मागे हटते आणि दात सरकतो. दातांच्या वेड्यावाकड्या रांगा तारांनी सरळ करणारे डॉक्टर हाच गुण मोजूनमापून वापरतात. मोजमाप न करता ओढ लावली की आधाराचा दातच हातचा जातो. त्याखेरीज तारेखाली अन्न अडकते, तिथे कीड लागते. एक नकली दात टिकवण्यासाठी दोन खरे दात खर्ची पडतात.

नऊ दातांचा हिशेब

आणखी एक नोंद सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या इस्टेटीवर त्यांच्या मृत्यूच्या वेळी तीनशेहून अधिक गुलाम होते. तिथल्या हिशेबवहीत मे १७८४ मध्ये, ल मेयर नावाच्या फ्रेंच दंतवैद्याच्या खात्यावर, नऊ दातांबद्दल गुलामांना सहा पौंड दोन शिलिंग दिल्याचे लिहिले आहे. म्हणजे एका दाताला साडेतेरा शिलिंगांच्या आसपास. हाच दंतवैद्य वर्तमानपत्रात जाहिरात देऊन समोरच्या दातांना दोन गिनी, म्हणजे बेचाळीस शिलिंग, द्यायला तयार होता.

त्या काळी एकाचा दात काढून दुसऱ्याच्या जबड्यात रोवण्याची टूम होती. लंडनचे ख्यातनाम शल्यविशारद जॉन हंटर यांनीही तिचा पुरस्कार केला होता. रोवलेला परका दात फार काळ टिकत नसे आणि काही वेळा त्यातून रोग मात्र जडत. उरलेले मानवी दात कवळ्यांत बसवले जात. ज्या माणसाला नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या बाबतीत पैसे दिले म्हणून तो व्यवहार बरोबरीचा ठरत नाही. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांच्या मुक्ततेची तरतूद केली, ही त्यांच्या जमेची बाजू. हिशेबवहीतली ती ओळही तितकीच खरी आहे.

वॉशिंग्टन यांचे दात लाकडाचे होते, ही शाळेत ऐकलेली गोष्ट मात्र खोटी. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचा आणि हत्तीचा दात, माणसांचे आणि जनावरांचे दात, शिसे, सोने, पितळ आणि पोलाद हे सगळे आढळते, लाकूड आढळत नाही. डागाळलेला, बारीक भेगा पडलेला हस्तिदंत लाकडासारखा दिसतो, म्हणून बहुधा ती समजूत पसरली.

एका दाताच्या भरवशावर

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन यांनी पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा फक्त एक दात उरला होता. खालच्या जबड्यातली डावीकडची उपदाढ, म्हणजे सुळ्यामागचा दात. वय सत्तावन्न.

त्यांचे नवे दंतवैद्य जॉन ग्रीनवूड हे स्वातंत्र्ययुद्धात पोरवयात सैन्याच्या बाजापथकात बासरी वाजवणारे. हाताने कुशल माणूस. त्यांनी १७८९ मध्ये पाणघोड्याच्या दातातून खालची कवळी कोरली, तिच्यावर माणसांचे दात बसवले आणि डाव्या बाजूला एक भोक ठेवले. त्या भोकातून वॉशिंग्टन यांचा एकमेव दात वर येत असे. खालची कवळी वरच्या कवळीला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगांनी जोडलेली असायची. स्प्रिंगा वरची कवळी टाळूकडे आणि खालची हिरडीकडे दाबून ठेवत. तोंड आपोआप उघडू नये म्हणून जबडा सतत आवळून धरावा लागे. आता ती डॉलरची नोट पुन्हा पाहा, म्हणजे त्या मिटलेल्या ओठांचा अर्थ लागेल.

एकच दात ठेवण्यामागचा ग्रीनवूड यांचा विचार चुकीचा नव्हता. खालच्या कवळीला टाळूसारखी मोठी बैठक मिळत नाही, जीभ तिला सारखी ढकलत असते. अशा वेळी एक जरी दात उभा असला तरी कवळी जागच्या जागी राहायला मोठा आधार मिळतो. पण घास उजव्या बाजूला चावला की कवळी डावीकडे उचलली जाई, पुढे चावला की मागे उचलली जाई. ती सगळी हेलकावणी त्या एका दाताच्या मुळाशी पोहोचत असे. खुंटा भक्कम असला तरी त्याला रोज चारी दिशांनी हिसके बसले की जमिनीतली पकड सैल होतेच. सात वर्षे त्या दाताने तग धरला. १७९६ मध्ये तोही निघाला. ग्रीनवूड यांनी तो मागून घेतला आणि छोट्या डबीत बसवून घड्याळाच्या साखळीला लावला. तो दात न्यूयॉर्कच्या वैद्यकीय अकादमीत जपून ठेवला आहे.

दाताची मोजणी

ग्रीनवूड यांना जे साधले नाही ते आज कसे साधतात, हे आपल्या भागातल्या वाचकांना समजावणे सोपे आहे. डाय, मोल्ड आणि फिक्स्चरची भाषा इथे घरोघरी बोलली जाते.

दाताचा आकार मडक्यासारखा असतो. मध्ये पोट, हिरडीकडे निमुळता. पोटाच्या खाली जी आत गेलेली जागा राहते तिला मोल्डवाले आणि दंतवैद्य दोघेही अंडरकट म्हणतात. मोल्डवाल्याला अंडरकट नको असतो, कारण पार्ट अडकतो. दंतवैद्याला तो हवा असतो, कारण पार्ट अडकायलाच हवा. काही दात गेलेल्या माणसाच्या काढता-घालता येणाऱ्या कवळीला धातूचे हूक असतात. त्यांना क्लॅस्प म्हणतात. हुकाची दांडी दाताच्या पोटावरून निघते, पुढे बारीक होत जाते आणि फक्त तिचे टोक अंडरकटमध्ये शिरते. चिकट घासाने कवळी वर ओढली गेली की टोकाला पोट ओलांडण्यासाठी थोडे फाकावे लागते. फाकताना होणारा विरोध म्हणजेच पकड. चाकणला गाड्यांच्या दरवाजाचे पॅनेल ज्या प्लास्टिकच्या क्लिपांवर खट्कन बसते, त्यांचे तत्त्व हेच.

टोक आत किती जावे? कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव हुकासाठी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या दोन-तीन पानांच्या जाडीइतके. वाकवलेल्या तारेचा हूक अधिक लवचीक, म्हणून त्याला अर्धा मिलिमीटर चालतो. त्याहून खोल गेले की घालता-काढताना दात हलतो, हूक वाकतो किंवा तुटतो. दांडी लांब असली तर लवचीक, आखूड आणि जाड असली तर ताठ. म्हणूनच मोठ्या दाढेवरचा हूक आणि लहान उपदाढेवरचा हूक एकाच मापाचा करता येत नाही.

हे माप घ्यायला दाताच्या साच्यावर एक छोटे यंत्र चालवतात. उभ्या दांड्याने प्रत्येक दाताची चारी बाजूंनी चाचपणी होते, पोटाची रेषा आखली जाते, अंडरकट किती आणि कुठे ते कळते, आणि कवळी कोणत्या दिशेने घालायची-काढायची ते ठरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हे यंत्र वापरात आले. त्याचे नाव सर्व्हेअर. तरुणपणी जमीन मोजणाऱ्या वॉशिंग्टन यांच्या दातांची मात्र अशी मोजणी कुणी करू शकले नाही.

पकड हे हुकाचे एक काम. उरलेली दोन कामे तितकीच महत्त्वाची. भोसरीच्या टूलरूममध्ये चांगले फिक्स्चर कसे असते? ते जॉबला टेकू देते, जागेवर ठेवते आणि मग पकडते. नुसते पकडले आणि खाली टेकू नसला तर जॉब वाकतो. तसेच इथे. हुकाला दाताच्या माथ्यावर बसणारा एक छोटा टेकू असतो, त्याला रेस्ट म्हणतात. त्यासाठी दातात उथळ खळगी कोरतात. टेकू असला की चावण्याचा जोर दाताच्या मुळाच्या दिशेने सरळ खाली जातो आणि कवळी हिरडीत रुतत नाही. दुसरी दांडी दाताच्या विरुद्ध बाजूला असते. पहिली दांडी दाताला ढकलत असताना ती समोरून आधार देते. दोन्ही मिळून दाताला अर्ध्याहून अधिक वेढा घालतात, म्हणजे दात निसटत नाही. आणि कवळी नीट बसल्यावर हूक स्वस्थ राहिला पाहिजे. त्याने तारेसारखे दाताला सतत आवळता कामा नये. कवळी ओढली गेली तरच त्याने कामाला लागायचे.

सर्वात अवघड परिस्थिती असते ती मागच्या सगळ्या दाढा गेलेल्या माणसाची. १९२५ मध्ये न्यूयॉर्कचे एडवर्ड केनेडी यांनी दात गेलेल्या जबड्यांचे चार वर्ग पाडले. त्यात दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेलेला जबडा पहिल्या वर्गात ठेवला. इथे कवळीला पुढून दाताचा आधार आणि मागून नुसती मऊ हिरडी. चावताना मागचा भाग दबतो, टेकूभोवती कवळी तरफेसारखी फिरते आणि हुकाचे टोक दाताला चिमट्यासारखे उपटू पाहते. यावर उपाय म्हणून टेकू दाताच्या पुढच्या बाजूला सरकवतात आणि हूक असा ठेवतात की घास चावताना त्याचे टोक दातापासून आपोआप दूर जावे. अमेरिकेतले क्रॅटोचविल यांनी १९६३ मध्ये या धर्तीची रचना मांडली आणि नंतर तिच्यात सुधारणा होत गेल्या. एका उपदाढेवर सगळी कवळी तोलणाऱ्या ग्रीनवूड यांच्यापुढे हाच तरफेचा प्रश्न होता, त्याच्या सर्वात कठीण रूपात.

शेवटची वर्षे

शेवटचा दात गेल्यावर वॉशिंग्टन पूर्णपणे स्प्रिंगांच्या कवळीवर अवलंबून राहिले. १७९७ आणि १७९८ मध्ये त्यांनी ग्रीनवूड यांना लिहिलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. कवळीने ओठ पुढे येतात, तोंड सुजल्यासारखे दिसते. ज्याच्या आज्ञेवर सैन्य चालले तो माणूस कवळी थोडी आत घ्या म्हणून विनवतो आहे. कवळी काळी पडल्याचे पाहून ग्रीनवूड यांनी कळवले की हा पोर्ट वाइनचा परिणाम आहे. जेवणानंतर ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि खडूच्या भुकटीने घासावी. हा सल्ला थोड्या फरकाने आजही लागू पडतो.

डिसेंबर १७९९ मध्ये पावसाबर्फात घोड्यावरून फेरी मारून आल्यानंतर वॉशिंग्टन यांचा घसा बसला. श्वासनलिकेच्या तोंडाशी सूज आली असावी, असे आजचे बहुतेक डॉक्टर मानतात. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे वारंवार रक्त काढले गेले, एकूण अडीच लिटरच्या घरात. डॉक्टरांपैकी सर्वात तरुण असलेल्या डिक यांनी गळ्याला छेद देऊन श्वासाला वाट करावी असे सुचवले. ज्येष्ठांनी ते मान्य केले नाही. १४ डिसेंबरच्या रात्री वॉशिंग्टन गेले. वय सदुसष्ट.

आपल्यासाठी काय?

वॉशिंग्टन यांच्याकडे पैसा होता, देशातले उत्तम दंतवैद्य होते. ज्ञान मात्र तेवढे पुढे गेलेले नव्हते. आज ज्ञान आहे, ते वापरायचे की नाही हे आपल्या हातात आहे. एक फिजिशियन म्हणून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट पकडीची. आपल्याकडचा कामगार हाताचा कसबी. हूक सैल झाला की तो घरीच पकडीने दाबतो. कृपया असे करू नका. पाव मिलिमीटरचे गणित डोळ्यांच्या अंदाजाने जमत नाही. हूक जास्त आवळला जातो आणि आधाराचा दात हलू लागतो, किंवा धातू थकून हूक तुटतो. तुटलेली कवळी झटपट चिकटवणाऱ्या द्रव्याने जोडणे हा त्याहून वाईट उपाय.

दुसरी गोष्ट सैल कवळीच्या धोक्याची. एक-दोन दातांची छोटी कवळी, हूक तुटलेला, आणि माणूस तशीच घालून झोपतो किंवा घाईत डबा खातो. अशी कवळी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकू शकते. हुकाची टोके आत रुततात आणि ती काढणे जोखमीचे होते. साधी ॲक्रिलिकची कवळी एक्स-रेवर नीट दिसत नाही, दिसली तर धातूची तार दिसते. म्हणून अचानक गिळायला त्रास होऊ लागला, छातीत टोचू लागले आणि कवळी सापडत नसेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. दारू प्यायलेल्या, अपस्माराच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरच्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ऑपरेशनला नेताना भूलतज्ज्ञ कवळीबद्दल विचारतात, तेव्हा लाजून नाही म्हणू नका.

तिसरी गोष्ट कवळी करून घेतानाची. ॲक्रिलिक आणि वाकवलेल्या तारेची कवळी स्वस्त पडते आणि तात्पुरत्या वापरासाठी ठीक असते. पण तिला बहुधा दातावर टेकू नसतो, ती हळूहळू हिरडीत रुतते. वर्षानुवर्षे वापरायची असेल तर ओतीव धातूच्या कवळीचा पर्याय दंतवैद्यांना विचारा. कोणत्या दातावर हूक येणार, त्या दाताची हिरडी आणि हाड कसे आहे, टेकू कुठे असेल, हे विचारायला संकोच नको. हूक लागण्याआधी किटण काढून हिरड्या निरोगी करून घ्या. पिंपरीत दंत महाविद्यालय आहे, सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत दंत विभाग असतात. पैशाच्या काळजीने कुणी चौकशीच करत नाही, असे होऊ नये.

चौथी गोष्ट रोजची. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून धुवा, हुकाखालचा दात आतून-बाहेरून घासा, रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा. हूक जिथे बसतो तिथेच कीड आधी लागते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, कारण वाढलेल्या साखरेत हिरड्या लवकर सडतात आणि सडलेल्या हिरड्यांनी साखर आणखी बिघडते. दाढा नसलेला माणूस भाकरी, काकडी, शेंगदाणे सोडतो आणि चहा-पाव, बिस्किटांवर येतो. त्याचा परिणाम वजनावर, रक्तावर, साखरेवर दिसतो. दात तोंडापुरता विषय नाही तो एवढ्यासाठी. तंबाखू आणि मिश्री सोडल्याशिवाय यातले काहीच फार काळ टिकणार नाही.

हे सगळे एका वाक्यात सांगायचे तर, कवळीचे पहिले काम गेलेले दात भरून काढणे, आणि तितकेच मोठे काम उरलेले दात वाचवणे. कवळी नवी घेता येते, आधाराचा दात एकदा गेला की परत येत नाही. आज घरी गेल्यावर आपली किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांची कवळी एकदा पाहा. हूक वाकला असेल, आधाराचा दात हलत असेल किंवा हिरडी लाल झाली असेल, तर दुखण्याची वाट न पाहता याच आठवड्यात दंतवैद्यांकडे जा.